मेजर, तठे काय व्हयनं?

आमच्या अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की ऐन थंडीत माणसं कानटोपी घालून, बॅटरी आणि फावडं घेऊन गव्हाला पाणी भरायला निघतात. माझे आतेभाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेतून पेन्शनीवर गावी आले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. त्यांच्या मळ्याकडे रात्री जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक आहे. बांधावर पाऊल वाजलं की विहिरीकडून आवाज येतो, "कोण आहे?" लगेच ओ दिली नाही तर दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. आम्ही म्हणायचो, फौजेची सवय आहे, जाता जाणार नाही. लहान पोरं त्यांची नक्कल करायची.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांचा जुना सालदार, म्हणजे सालाच्या बोलीने ठेवलेला गडी, ऐन हंगामात काम सोडून गेला आणि दिवाळीनंतर धडगावकडचा एक नवा माणूस आला. येऊन चारच दिवस झाले होते. आपल्याला कमी ऐकू येतं हे त्याने सांगितलं नव्हतं, काम जाईल या भीतीने. त्या रात्री मी शेजारच्या माझ्या वावरात होतो. आबांची हाक ऐकली. दुसरी ऐकली. तिसरीही ऐकली. मग काठी पडल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. बॅटरी घेऊन धावत गेलो तर आबा पाण्याने भरलेल्या सरीत बसलेले. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून, स्वतःच्या हातांवर बसल्यासारखे. सालदार बाजूला फावडं धरून घाबरून उभा. त्याला काय झालं ते कळेना, मलाही कळेना.

पहाटे मोटरीच्या खोलीत शेकोटीपाशी ते बोलले. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, पण हे मला माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकात ते काश्मीरमध्ये होते. रात्री वाटेवर दबा धरून बसलेले. उजाडायच्या आधी वाटेने एक माणूस आला. नियमाप्रमाणे त्यांनी त्याला तीनदा हटकलं. तो थांबला नाही. आबांनी गोळी चालवली. उजेड झाल्यावर दिसलं, फिरनच्या, त्या काश्मिरी झग्याच्या, आत हत्यार नव्हतं, फडक्यात बांधलेल्या रोट्या होत्या. पोलिसांबरोबर आलेल्या एका गावकऱ्याने सांगितलं, हा बहिरा होता. चौकशी झाली, आदेशाप्रमाणेच वागल्याचं कागदावर आलं. साहेब म्हणाले, तुझी काही चूक नाही, जा, चहा घे. आबा मला म्हणाले, "मनी चूक नही, हाई माले बी माहीत शे भो. पन त्याले ऐकू येत नव्हतं."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. या वाक्याचं काय करायचं हे आपल्याकडे कोणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांना नाही, फौजेला नाही, गावाला नाही.

पेन्शनीवर आल्यावर दोन-तीन वर्षांत आबांची झोप गेली आणि दारू वाढली, तेव्हा वहिनी त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. डॉक्टर भले होते. त्यांनी विचारलं, स्फोटाची स्वप्नं पडतात का, आवाजाने दचकता का, गर्दीची भीती वाटते का. आबा म्हणाले, भीती नाही वाटत साहेब. खरंच वाटत नव्हती. झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि केस मिटली. प्रश्न चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. ते दुसऱ्या दुखण्याचे होते.

युद्धाने मनावर होणारी जखम म्हटलं की वैद्यकशास्त्र मुख्यतः भीतीचा विचार करत आलं. पहिल्या महायुद्धात तिला शेलशॉक म्हणायचे. व्हिएतनामनंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे नाव आलं. जिवावर बेतलं, शरीर ती वेळ विसरत नाही, धोका संपला तरी अंग सावधच राहतं, असं ते दुखणं. पण बॉस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांच्या लक्षात आलं की समोर बसलेली पुष्कळ माणसं भीतीबद्दल बोलतच नाहीत. ती बोलतात विश्वासघाताबद्दल. ज्याच्या हाती अधिकार होता त्यानेच, जीव पणाला लागलेला असताना, जे योग्य ते पायदळी तुडवलं, याबद्दल. पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही व्याख्या रुंदावली. आपल्या हातून घडलेलं, आपण थांबवू न शकलेलं किंवा नुसतं डोळ्यांदेखत झालेलं असं काही, की जे आपल्याच नीतीच्या मुळावर येतं, त्याने होणारी ही जखम. इंग्रजीत तिला मॉरल इंज्युरी म्हणतात, मराठीत नैतिक जखम म्हणू या. तिच्यात भीतीपेक्षा लाज, अपराधाची टोचणी आणि संताप जास्त. आजारांच्या अधिकृत यादीत ती स्वतंत्र आजार म्हणून नाही. ते एका अर्थी बरोबरही आहे, कारण ज्याचं मन त्याला खातं त्याचं मन बिघडलेलं नसतं. उलट ते शाबूत आहे म्हणूनच खातं. भाषेला हे आधीपासून कळलेलं आहे. "मन खातं" हे आपण रोज म्हणतो.

आणि खानदेशाला तर हे फारच जुनं ठाऊक असायला हवं. तळोद्याहून सातपुड्यात चढत गेलं की अस्तंब्याचं शिखर लागतं. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला, हजारो माणसं तिथे पायी जातात. महाराष्ट्रातली, गुजरातेतली, मध्य प्रदेशातली, बहुतेक आदिवासी, त्यांत तरुण पोरं खूप. अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामा. तो या डोंगरात अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे.

अश्वत्थाम्याची भळभळती जखम आपण म्हणीसारखी वापरतो, पण ती कशाची हे पटकन आठवत नाही. तो योद्धा होता. युद्ध हरल्यावर, बापाला कपटाने मारल्याच्या संतापात, रात्री छावणीत शिरून त्याने झोपलेली माणसं मारली, त्यांत द्रौपदीची पाचही मुलं होती. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो, आणि हा शाप नीट वाचायला हवा. तीन हजार वर्षं तू निर्जन प्रदेशात एकटा भटकशील, अंगाला रक्ता-पुवाचा दर्प येईल, आणि कुठेही, कोणाशीही तुझं बोलणं होणार नाही. मी हे पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं तेव्हा आबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आबांनी अश्वत्थाम्यासारखं काही केलं नाही, दोघांची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. पण शापातलं शेवटचं कलम आबांनी पंचवीस वर्षं भोगलं, आणि ते त्यांना कुठल्या देवाने दिलेलं नव्हतं. सातपुड्यातल्या लोकांनी त्या कथेत एक मोठी गोष्ट केली. त्यांनी अश्वत्थाम्याला बोलायला लावलं. तो दारी येतो, तेल मागतो, माणसं देतात. शापात जे मना होतं तेच लोकांनी त्याला दिलं, आणि त्याचा गुन्हाही कोणी पुसून टाकला नाही.

आता आपण आपल्या फौजींना काय देतो ते बघा. झेलम एक्सप्रेसने जळगाव नाहीतर चाळीसगावला काळी ट्रंक घेऊन उतरणारा माणूस आता शेवटच्या वेळी उतरतो तेव्हा गाव स्टेशनवर येतं. उघडी जीप, फुलांच्या माळा, डीजे, चौकात फ्लेक्स, शाळेच्या मैदानावर सेवापूर्तीचा सोहळा. मी अशा सोहळ्यांत भाषणं केली आहेत आणि त्यातलं प्रेम खोटं नाही. शिपाई असो की हवालदार, आपण त्याला "मेजर" म्हणतो, ते आदरानेच. अडचण अशी की हा सत्कार त्या माणसाचा एकच चेहरा ओळखतो. ज्या गळ्यात एवढे हार पडले त्या गळ्यातून "तिथे माझ्या हातून एक बहिरा माणूस गेला" हे वाक्य कसं निघेल? बोललो तर हार देणाऱ्यांचा अपमान, नाही बोललो तर तो हार आपला नव्हेच असं आतून वाटत राहतं. मग गावात फौजींच्या तोंडी एक वाक्य रूढ होतं, "तठलं तठे, आठलं आठे," म्हणजे तिथलं तिथे, इथलं इथे. पोरांनी विचारलं, काका, तुम्ही कधी गोळी मारली का, की माजी सैनिक हसून विषय बदलतो. पोरांना ते हसणं शौर्याचं वाटतं.

घरच्यांना खरं थोडंफार दिसतं. वहिनींनी मला नंतर सांगितलं, लग्नानंतरच्या सुट्ट्यांत असं नव्हतं, पण काश्मीरहून आले त्या एका सुट्टीनंतर त्यांनी घरात नियम केला होता. झोपलेल्या आबांना हात लावून उठवायचं नाही, पायाशी उभं राहून हाक मारायची. मुलांनाही तसंच शिकवलं. आबांनी मुलांना कधी उचलून घेतलं नाही, हातात हात धरून जत्रेत नेलं नाही. मुलांना वाटलं, बाप कडक आहे. मोठा मुलगा आता चाळिशीला आला, अजून तसंच म्हणतो.

जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत सरकारने दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जवानांनी आत्महत्या केल्या, त्यांतल्या ६४२ लष्करातल्या. हे सगळे सेवेत असलेले. पेन्शनीवर घरी आलेल्यांचा असा वेगळा आकडा कोणी मांडत नाही. गावात तो शेतकऱ्यांत धरला जातो, दारूत धरला जातो, भाऊबंदकीत धरला जातो. २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीतल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जवान तीव्र ताणाखाली असल्याचं म्हटलं होतं. लष्कराने नमुना फार लहान असल्याचं सांगून तो अमान्य केला आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावरून निघाला. नमुना लहान असेल तर मोठा घ्यायला हवा होता.

फौजेत माणूस गप्प का राहतो, याला आणखी एक साधं कारण आहे, आणि ते पोटाचं आहे. जवानाची तंदुरुस्ती "शेप" या पाच अक्षरी मोजपट्टीवर ठरते. इंग्रजी अक्षरांतलं पहिलं मनाचं, मग कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे. सगळं ठीक असलेला तो शेप-वन. शेप-वन असेल तर बढती, कोर्स, चांगली पोस्टिंग. मनाच्या अक्षरापुढचा आकडा बदलला की लो मेडिकल कॅटेगरी, हत्यार काढून घेतलं जातं, आणि पलटणीत नाव पडतं. गुडघा गेला तर माणूस जखमी, झोप गेली तर माणूस "सायकी". असं असताना पंधरा-सतरा वर्षं पूर्ण करून पेन्शन पदरात पाडायची असलेला शेतकऱ्याचा मुलगा तोंड उघडेल, ही अपेक्षाच चूक आहे. पुढे अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा केला तर सिद्ध काय करायचं, की दुखणं नोकरीमुळे झालं किंवा वाढलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेलं दुखणं सेवेतच उद्भवलं असं गृहीत धरावं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. तरी माणसं लवादाच्या पायऱ्या झिजवतातच. त्यातही ज्याला धड नावच नाही त्या टोचणीचा दावा कोणत्या रकान्यात भरणार?

मी हे बोललो की माझेच मित्र तीन आक्षेप घेतात. पहिला, असं लिहिल्याने फौजेचं मनोबल खचतं. याला मी फार वेळ देणार नाही. खचलेला माणूस लपवल्याने मनोबल राहत नाही, फक्त तो दिसेनासा होतो.

दुसरा आक्षेप प्रेमाचा आहे, म्हणून अवघड आहे. "त्याने देशासाठी केलं, त्यात चूक काय? त्याला तसं ठणकावून सांगा, म्हणजे त्याचं मन हलकं होईल." मीही त्या पहाटे हेच केलं. आबांना म्हणालो, तुम्ही तीनदा विचारलंत ना, मग झालं. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती मला अजून आठवते. साहेबांनी चहा घ्यायला सांगितला तेव्हाही त्यांनी असंच बघितलं असेल. "तुझी चूक नाही" हे वाक्य खरं असतं, पण ते दार लावून घेतं. ऐकणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं आणि सांगणारा पुन्हा आत कोंडला जातो. दोषी कोण, हे आबांना विचारायचंच नव्हतं. एक माणूस गेला, तो माझ्या हातून गेला, आणि त्याचं नावही मला माहीत नाही, एवढं त्यांना कोणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. मला इंग्रजी येतं म्हणून त्यांनी विचारलं, त्याचं नाव कुठे सापडेल का? कागदात नुसतं "अनोळखी" लिहिलं होतं. मला काही करता आलं नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला झोपू देत नाही. तिकडे त्या माणसाचीही आई असेल. मारणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी करताना आपण मेलेल्याला पुन्हा एकदा मारत नाही का? आणि ज्यांनी खरोखर अत्याचार केले त्यांनाही "जखमी" म्हणून सोडून द्यायचं का? सोडून द्यायचं नाही. गुन्हा असेल तिथे न्यायालय हवं, समुपदेशन त्याची जागा घेऊ शकत नाही. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्यात जवानावर खटला भरायला केंद्राची आधी परवानगी लागते, आणि या अटीने न्याय अडतो असं मला वाटतं. अडतो तो दोन्ही बाजूंचा. तिकडच्या आईला उत्तर मिळत नाही हे तर आहेच. पण नीट, उघड चौकशी न झाल्याने आबांसारख्या माणसालाही आपण निर्दोष आहोत याची खात्री कधी पटत नाही. आपल्याच माणसांनी बंद खोलीत दिलेलं "चूक नाही" त्याला पुरत नाही. त्याला मनात कुठेतरी वाटत राहतं, तिकडच्या लोकांसमोर हे झालं असतं तर काय निकाल लागला असता? तिकडची आई आणि इकडचे आबा एकमेकांचे वैरी असतील, पण दोघांनाही हवं आहे ते एकच. काय घडलं ते स्वच्छ सांगितलं जावं.

आणि आपला हिशोब? वरणगावच्या आयुध कारखान्यात लहान हत्यारांची काडतुसं तयार होतात. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांच्या चुली त्यावर पेटतात. ते काडतूस खानदेशात बनतं, खानदेशातलाच पोरगा ते बंदुकीत भरतो, आदेश आपण निवडून दिलेल्या सरकारचा असतो. मग गोळी सुटल्यानंतरचं सगळं मात्र त्या एकट्या पोराच्या खात्यावर कसं? फौज आपण पाठवली, तर ती जे घेऊन परत येते तेही आपलंच आहे. हे नवं नाही. १८२५ मध्ये जेम्स औटरमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती भिल्लांचेच उठाव मोडायला. आपल्याच डोंगरातल्या, आपल्याच भाषेच्या माणसांवर हत्यार उचलायचा पगार मिळत होता. ते शिपाई रात्री घरी काय घेऊन गेले, हे कोणी लिहून ठेवलं नाही. साहेबाचं नाव राहिलं.

श्रीलंकेत १९८७ ते १९९० शांतिसेनेत गेलेले लोक खानदेशातही आहेत. सुमारे १,२०० भारतीय जवान तिथे मेले. ज्या तमिळांच्या रक्षणाला म्हणून गेले त्यांच्याच बंडखोरांशी लढावं लागलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला परतली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. ओळखीचे एक लंकेहून आलेले नाना मला म्हणाले, पाय गेला त्याचं काही नाही, पण आम्ही कशासाठी गेलो होतो हे कोणी येऊन सांगितलं नाही. बॉस्टनचे ते डॉक्टर ज्याला विश्वासघात म्हणतात तो हाच.

मग करायचं काय? फार मोठं काही मागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, तिचे दवाखाने आहेत, तिथे साखर, रक्तदाब, मोतीबिंदू सगळं बघतात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात फौजेसाठी त्याचा वेगळा कक्ष आहे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही, आणि आपल्याकडे "येरवड्याला पाठवा" ही अजून शिवी आहे. म्हणून गरज मोठ्या इस्पितळापेक्षा एका खोलीची आहे. महिन्यातून ठरलेल्या दिवशी, सैनिक कल्याण कार्यालयात किंवा ईसीएचएसच्या दवाखान्यात, एक खोली, जिथे माजी सैनिक माजी सैनिकांसमोर बसतील. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाने त्यांच्यातल्याच दोघा-चौघांना ऐकायचं शिक्षण द्यावं, कारण फौजीचं बोलणं फौजीलाच आधी कळतं. तिथे बोललेल्या एका शब्दाची नोंद पेन्शनच्या, मेडिकल बोर्डाच्या कागदाला चिकटणार नाही अशी लेखी हमी हवी. ती नसेल तर खोली रिकामीच राहील, हे मी आत्ताच सांगतो. बोलणं अहिराणीत चालेल, भिलीत चालेल, पावरीत चालेल. हिंदी ही त्यांची हुकमाची भाषा आहे, मन त्यांचं दुसऱ्याच भाषेत खातं. बायकांसाठी वेगळी बैठक हवी. वहिनींसारखी पायाशी उभी राहून हाक मारणारी बाई या सगळ्याबद्दल कोणाही डॉक्टरपेक्षा जास्त जाणते.

मी असा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी आदराने बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, गुरुजी, यासाठी लेखाशीर्षच नाही, म्हणजे सरकारी खर्चाच्या वहीत याला रकानाच नाही. ते खोटं बोलत नव्हते. शासनाकडे या दुखण्यासाठी लेखाशीर्ष नाही, म्हणजे ते दुखणं शासनाच्या लेखी नाही. ते निर्माण करून घेणं हे आपल्या आमदार-खासदारांचं काम आहे. दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आपण सगळे देतो, शाळेतली पोरंही देतात. त्यातून तीन जिल्ह्यांत तीन खोल्या चालवणं अशक्य असेल असं मला वाटत नाही.

घाई करायला हवी, याचं कारण अग्निवीर. २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीसपर्यंत पोरांना ठेवून घेणार, बाकीचे घरी येणार. लष्करातली पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली होती. साडेसतरा ते तेवीसच्या वयात गेलेली ही पोरं पंचविशीच्या आतबाहेर परत येतील. हातात सेवानिधीची रक्कम असेल, पण माजी सैनिकाचा दर्जा नसेल, पेन्शन नसेल, ईसीएचएसचं कार्ड नसेल. आबांना निदान सतरा वर्षांची पलटण होती, सुखदुःख वाटून घेणारे संगतीचे होते, दवाखान्याचं कार्ड होतं, आणि तरीही त्यांना पंचवीस वर्षं लागली. ज्याने चौथ्या वर्षी बावीस-तेवीसच्या वयात एखादी रात्र अंगावर घेतली आणि सहा महिन्यांत घरी आला, तो कुठे जाईल? भरतीसाठी पहाटे चारला रस्त्यावर धावणारी पोरं मी रोज बघतो. माझ्याच वर्गातली आहेत. त्यांना धावू नका असं मी म्हणत नाही. नोकरी हवी आहे, आणि देशाला फौज हवीच आहे. पण त्यांच्यासाठी निदान ती खोली उघडी ठेवा, आणि तिथे कार्ड विचारू नका.

खोली मिळेपर्यंत आम्ही शाळेच्या ओट्यावर बसतो. रविवारी सकाळी, चार-पाच जण. लंकेचे नाना येतात, कारगिलच्या वेळचे एक येतात, ते अजून एक शब्द बोललेले नाहीत, पण येतात. आबा दोनदा बोलले. तो सालदार अजून त्यांच्याकडेच आहे. दर दिवाळीला तो चार दिवस अस्तंब्याला जातो, आणि आबा त्याच्याकडे गोडेतेलाची बाटली देतात, का ते कोणी विचारत नाही. रात्री बांधावर येताना तो आता लांबूनच बॅटरी दोनदा लावून विझवतो. आबांनीच त्याला तसं शिकवलं आहे. उजेड दिसतो, माणूस ओळखू येतो, तरी विहिरीकडून तीनदा हाक येतेच.